सूर्याचा सूर कुठे चढतो?

०.४ मायक्रोहर्ट्झ. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात थांबून बघण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक हर्ट्झ; त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोहर्ट्झ, आणि त्याचाही हा अर्ध्याहून लहान तुकडा. सूर्याच्या पोटात कोंडलेले ध्वनितरंग साधारण ३,००० मायक्रोहर्ट्झच्या आसपास हेलकावत असतात, म्हणजे साडेपाच मिनिटांत एक हेलकावा. सूर्यावर डागांचा सुकाळ असतो त्या वर्षांत हाच सूर ३,०००.४ वर जातो, आणि डाग ओसरले की परत खाली येतो. बस्स, एवढंच. दहा हजारांत एखाद्या भागाचा फरक.

मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. साडेपाच मिनिटांच्या एका हेलकाव्यात या फरकामुळे जेमतेम ०.०४ सेकंद वाचतात. दिवसभरात असे अडीचशेहून अधिक हेलकावे होतात. म्हणजे दिवसाअखेर डागाळलेला सूर्य निर्डाग सूर्याच्या साडेअकरा सेकंद पुढे. २९ दिवसांनी अख्खा एक हेलकावा पुढे. सूर्याची वयं अब्जांत आणि अंतरं कोटींत मोजायची सवय झालेल्या डोक्याला एकदम सेकंदांत उतरल्यावर बरं वाटलं.

अर्थात अशी शर्यत प्रत्यक्षात लावता येत नाही. सूर्यातला कुठलाही एक सूर तीन-चार दिवसांत विझत जातो आणि तेवढ्यात नव्याने छेडलाही जातो. जुन्याची लय नव्याला ठाऊक नसते. त्यामुळे ०.४ हा आकडा कुणी घड्याळ लावून मोजलेला नाही. तो महिनोन्‌महिन्यांच्या नोंदींतून गाळून काढावा लागतो. ही गाळणी कशी आहे, आणि तिच्यातून शेवटी हाती काय येतं, याचं मला गेली काही वर्षं वेड लागलंय. त्यातही एक प्रश्न पिच्छा सोडत नाही: हा सूर चढतो म्हणजे नेमका कुठे चढतो? सूर्याच्या गाभ्यात, की अगदी वरच्या कातडीत?

थोडा इतिहास, पण पटकन. १९६० च्या सुमारास रॉबर्ट लेटन आणि त्यांचे सहकारी माउंट विल्सन वेधशाळेतून सूर्याच्या पृष्ठभागाची हालचाल टिपत होते. आपल्याकडे येणाऱ्या भागाचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्याचा तांबड्याकडे. डॉप्लरचा हा नियम वापरून त्यांनी पाहिलं, तर पृष्ठभागावरचे पट्टेच्या पट्टे साधारण पाच मिनिटांच्या तालात वरखाली होत होते. १९६२ साली ते प्रसिद्ध झालं. हे काय आहे हे मात्र पुढची आठ-दहा वर्षं कुणालाच धड सांगता आलं नाही. १९७० मध्ये रॉजर उलरिक यांनी आणि १९७१ मध्ये जॉन लायबाकर व रॉबर्ट स्टाइन यांनी उत्तर सुचवलं: हे वरवरचं उकळणं नव्हे, आत अडकलेल्या ध्वनितरंगांचं पृष्ठभागावर उमटणारं हेलकावणं आहे. १९७५ मध्ये फ्रान्झ-लुडविग डॉयबनर यांच्या निरीक्षणांत हे तरंग आकृतीत अगदी वेगवेगळ्या रेघांवर बसलेले दिसले, आणि वाद मिटला. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते भूकंपाच्या लहरींवरून कळतं, तसं सूर्याचं पोट ऐकून समजून घेणाऱ्या या विद्याशाखेला हेलिओसिस्मॉलॉजी म्हणतात.

आता तरंग अडकतो तो कसा, हे जरा सावकाश बघू, कारण पुढची सगळी गोम इथेच आहे.

खाली जाणाऱ्या तरंगाला उत्तरोत्तर तापलेला वायू लागतो. तापलेल्या वायूत ध्वनी जोरात धावतो. तिरक्या जाणाऱ्या तरंगाचा खालचा भाग वरच्यापेक्षा पुढे पळतो, तरंग वळत वळत जातो आणि शेवटी पुन्हा वरच्या दिशेने निघतो. कोण किती खोलवरून वळेल, हे तो किती तिरका निघाला त्यावर ठरतं. काही तरंग पृष्ठभागाखाली थोडेसे जाऊनच परततात, तर काही पार गाभ्यापर्यंत डोकावून येतात. वरच्या टोकाला गोष्ट वेगळी. पृष्ठभागाशी वायूची घनता इतक्या झपाट्याने कमी होते की तरंगाला पुढे सरकायला आधारच उरत नाही, आणि तो आत फेकला जातो. साधारण ५,३०० मायक्रोहर्ट्झच्या वरचे तरंग मात्र हा उंबरा ओलांडून निसटतात. त्याखालचे सगळे कैदी. असे लाखो वेगवेगळे सूर एकाच वेळी सूर्यात घुमत असतात, आणि त्यांतला सर्वांत मोठाही पृष्ठभाग हलवतो तो सेकंदाला वीस सेंटिमीटरहून कमी वेगाने. ज्या पृष्ठभागावर विषुववृत्त सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने फिरतंय, त्यावर.

आणि वेळ? गाभ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० किलोमीटरच्या घरात असतो. पृष्ठभागाशी तोच सात-आठ किलोमीटरवर येतो. या काठावरून सुटून केंद्रातून त्या काठाला पोचायला तरंगाला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण तो वेळ वाटला जातो फार विषम. त्रिज्येचा अगदी बाहेरचा एक टक्का ओलांडण्यात, ढोबळ हिशेबाने, प्रवासाचा जवळपास दहावा हिस्सा खर्ची पडतो. गाभा तो पळत ओलांडतो, आणि उंबऱ्याशी मात्र रेंगाळतो. हे लक्षात ठेवायचं.

मोजमापाकडे वळते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

सूर्य मावळतो. ऐकायला बावळट वाटेल, पण या शास्त्रातली पहिली मोठी अडचण हीच होती. रोज रात्री नोंद तुटली की गणितात त्या तुटण्याचाच एक खोटा सूर उमटतो. दिवसात ८६,४०० सेकंद; त्याचा व्यस्तांक ११.५७ मायक्रोहर्ट्झ. त्यामुळे प्रत्येक खऱ्या सुराच्या दोन्ही बाजूंना, बरोबर ११.५७ मायक्रोहर्ट्झवर, त्याच्या नकला उभ्या राहतात. आता दुर्दैव बघा: सूर्याच्या गाभ्यात शिरणारे काही सूर जोडीजोडीने येतात आणि त्या जोडीतलं अंतर असतं साधारण ९ मायक्रोहर्ट्झ. म्हणजे एकाची नकल दुसऱ्याच्या दाराशी येऊन उभी. खरा कोण आणि सोंग कोण, हे ओळखण्यात लोकांच्या उमेदीची वर्षं गेली असतील.

यावर उपाय दोनच: जिथे सूर्य मावळत नाही तिथे जा, नाहीतर पृथ्वीभर दुर्बिणी मांडा. एरिक फोसा, जेरार ग्रेक आणि मार्टिन पोमेरँट्झ पहिल्या वाटेने गेले. दक्षिण ध्रुवावरच्या १९७९-८० च्या उन्हाळ्यात त्यांनी सलग पाच दिवस सूर्य नजरेआड होऊ दिला नाही. दुसऱ्या वाटेने बर्मिंगहॅम विद्यापीठाची मंडळी गेली. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर १९७६ मध्ये निरीक्षणं सुरू करून १९९२ पर्यंत त्यांनी सहा ठिकाणांचं जाळं पुरं केलं. बायसन हे त्याचं नाव. १९९५ मध्ये गाँग नावाचं दुसरं सहा ठिकाणांचं जाळं उभं राहिलं. त्यातलं एक उदयपूरला आहे. एका ठिकाणी सूर्य बुडायच्या आधी दुसऱ्या ठिकाणी तो वर आलेला असतो. त्याच वर्षी डिसेंबरात सोहो हे यान अवकाशात गेलं, तिथे रात्रच नाही.

बायसनच्या यंत्राविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. त्याच्या मध्यभागी काचेची एक छोटी कुपी असते आणि तिच्यात पोटॅशियमची वाफ. सूर्याच्या प्रकाशात पोटॅशियमची एक काळी रेघ आहे, ७७० नॅनोमीटरच्या जवळ. कुपीतले अणू नेमका तेवढाच रंग पकडतात आणि बाजूला उधळतात. कुपी चुंबकीय क्षेत्रात ठेवली की त्यांची पकड रेघेच्या एका उतारावर किंवा दुसऱ्या उतारावर नेता येते. दोन्ही उतारांवरच्या प्रकाशाची तुलना केली की सगळा सूर्य मिळून आपल्याकडे येतोय की दूर जातोय ते कळतं. सूर्याचं चित्र नाही, डाग दिसत नाहीत, काही नाही. अख्ख्या सूर्यासाठी दर काही सेकंदांना फक्त एक आकडा. इतकी तापट वस्तू मोजायला इतकी सोवळी युक्ती, हे मला अजूनही पचलेलं नाही.

या आकड्यांच्या माळा आज कुणालाही उतरवून घेता येतात. मीही घेतल्या. संगणकावर आलेख काढला तेव्हा वाटलं होतं, पुस्तकातल्या चित्रासारखी एक सुबक टोकदार उंची दिसेल आणि तिच्या माथ्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हा घ्या सूर. जवळ जाऊन बघितलं तर तिथे काटेरी झुडूप. एका सुराच्या जागी लहानमोठे शेकडो काटे, एक पार वर, शेजारचा जमिनीलगत, पुन्हा एक वर. पुढच्या वर्षाची नोंद घेतली तर झुडूप त्याच जागी, पण प्रत्येक काटा बदललेला. सूर सारखा विझतो आणि सारखा छेडला जातो, त्याची ही खूण. मधला बिंदू गाठायचा तर या झुडपावरून गणिताने एक गुळगुळीत टेकडी काढावी लागते. आणि टेकडीची रुंदी असते मायक्रोहर्ट्झभर. ज्या सरकण्याचा शोध घ्यायचा ते ०.४, आणि ज्या गोष्टीचं सरकणं बघायचं ती त्याहून दुप्पट-अडीचपट जाड. एका सुरावर भागत नाही. अनेक सुरांची सरासरी काढली, अनेक महिने जोडले, की मग हळूहळू ते वर्षामागून वर्ष चढणं-उतरणं डोळ्यांना दिसू लागतं.

हे चढणं पहिल्यांदा दिसलं ते भलत्याच यंत्राला. १९८० मध्ये गेलेल्या सोलर मॅक्सिमम मिशन या यानावर सूर्याची एकूण तेजस्विता मोजणारं उपकरण होतं. सुरांसाठी ते बनवलेलंच नव्हतं. पण मार्टिन वुडर्ड आणि रॉबर्ट नॉइस यांनी त्याच्या नोंदी चाळल्या आणि १९८५ मध्ये लिहिलं की १९८० ते १९८४ या काळात सूर्याचे सूर सुमारे ०.४ मायक्रोहर्ट्झने उतरलेत. १९८० हा डागांच्या भराचा काळ, १९८४ उतरणीचा. १९९० मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने आपल्या लांबलचक नोंदींतून तेच दाखवलं.

यानंतर खरी चुरस. सूर्याचं चुंबकीय चक्र कुठून चालतं, हा आजही न सुटलेला प्रश्न आहे. हाइनरिक श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने बुधाच्या आतला एक ग्रह शोधता शोधता १८४३ मध्ये डागांची सुमारे दहा वर्षांची भरती-ओहोटी जाहीर केली; जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये डाग म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्रं आहेत हे दाखवलं. ही क्षेत्रं तयार मात्र खाली कुठेतरी होतात. आणि इथे तर थेट गाभ्यापर्यंत जाऊन आलेल्या तरंगांचा सूर चक्राबरोबर हलत होता! म्हणजे चक्राचा उगम ऐकू येतोय, असं वाटायला काय हरकत होती?

बिग बेअर वेधशाळेतून केन लिब्रेक्ट आणि वुडर्ड यांनी १९८६ आणि १९८८ च्या सुरांची तुलना केली. एक डागांच्या ओहोटीचं वर्ष, दुसरं चढतीचं. त्यांच्याकडे हजारो वेगवेगळे सूर होते, उथळ जाणारे आणि खोल जाणारेही. १९९० मध्ये निघालेला त्यांचा निष्कर्ष माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग आहे. सगळे सूर सारखे सरकत नाहीत. १,८०० मायक्रोहर्ट्झच्या खालचे जवळजवळ हलतच नाहीत. जसजशी वारंवारता वाढते तसं सरकणं झपाट्याने वाढत जातं. आणि कुठला सूर किती खोल जाऊन आला याने काही फरक पडत नाही. फक्त प्रत्येक सुरात सूर्याचं किती वस्तुमान हलतं त्याचा हिशेब वजा केला, की उथळ-खोल सगळे एकाच वक्ररेषेवर येऊन बसतात.

याचा अर्थ लावायला त्या उंबऱ्याकडे परत जायचं. कमी वारंवारतेचा तरंग पृष्ठभागाच्या बराच खालूनच आत परतवला जातो. जास्त वारंवारतेचा अगदी वरपर्यंत येतो. जो वरपर्यंत येतो त्याचाच सूर चढतो, जो खालून परततो त्याचा चढत नाही. बदल जर गाभ्यात असता, किंवा मधल्या थरात, तर खोल जाणारे आणि न जाणारे यांच्यात फरक पडायला हवा होता. पडला नाही. म्हणजे गडबड वरच्या अगदी पातळ थरात आहे, पृष्ठभागाखालच्या काहीशे किलोमीटरमध्ये. सूर्याची त्रिज्या जवळपास सात लाख किलोमीटर.

तबलजी वाद्य सुरात आणताना हातोडी मारतो ती काठाच्या गजऱ्यावर. शाईला तो हातही लावत नाही, आणि तरी अख्ख्या पुडीचा सूर चढतो. इथे तसंच चाललंय. गाभ्यातून आलेल्या तरंगाच्या सुरात चक्राची खूण सापडते, पण ती त्याला गाभ्यात लागलेली नसते. दर फेरीला तो वर येतो, रेंगाळतो, आणि तिथे जे चुंबकीय क्षेत्र पसरलंय ते त्याची फेरी किंचित आखडती करतं.

मला कबूल करायला हवं की पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी थोडी हिरमुसले. गाभ्यातून आलेला निरोप उघडावा आणि आत दारावरच्या पहारेकऱ्याची सही निघावी, तसं झालं. नंतर मात्र मत बदललं. या निष्कर्षाचं वजन उलट्या बाजूने आहे: सूर्याच्या पोटात एवढं वादळ उठतं आणि निवतं, पण गाभ्यातला ध्वनीचा वेग त्याने हलल्याचा पुरावा नाही. आणि वरच्या थराचा परिणाम सगळ्या सुरांवर एकाच नियमाने पडतो, म्हणून तो नेमका ओळखून बाजूला काढता येतो. तो ओळखता आला नसता तर खालचं काहीच खात्रीने सांगता आलं नसतं.

चुंबकीय क्षेत्र नेमकं काय करतं, यावर अजून भांडण आहे. क्षेत्र वायूला ताठ करतं, म्हणून तरंग वेगाने जातो, हे एक. क्षेत्रामुळे तिथलं तापमान आणि रचना बदलते आणि तरंगाचा परतण्याचा उंबराच सरकतो, हे दुसरं. बहुधा दोन्ही खरं असावं, वाटा कुणाचा किती एवढाच वाद. ३,७०० मायक्रोहर्ट्झच्या आसपासहून पुढे हे चढणं मंदावतं आणि निसटत्या तरंगांपाशी तर उलटंच होतं. एका कारणावर सगळं टांगणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. सुरांना उत्तर-दक्षिण कळत नाही. डागांच्या जोड्यांचे ध्रुव दर चक्राला उलटे होतात, म्हणून चुंबकीय हिशेबाने पुरं चक्र बावीस वर्षांचं. सुरांवरचा परिणाम क्षेत्राच्या बळावर अवलंबून असतो, दिशेवर नाही. त्यामुळे त्यांचं चक्र अकरा वर्षांचंच राहतं. हेल यांनी शोधलेला अर्धा भाग या कानांना ऐकूच येत नाही.

सूर चढतो आणि त्याच वेळी आवाज बसतो. हे मला फार दिवस माहीत नव्हतं. डागांच्या भरात सुरांची झुडपं रुंद होतात, जवळपास एक-चतुर्थांशाने, आणि त्यांची एकूण शक्ती पाचव्या हिश्श्याहून अधिक घटते. बिल चॅपलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये बायसनच्या नोंदींवरून हे मांडलं, आणि त्यात एक छोटीशी पण महत्त्वाची गोष्ट होती: सुरांना मिळणारी ऊर्जा कमी होत नाही. पृष्ठभागाखाली उकळणारा वायू, ज्याच्या धडपडीतून हे सूर छेडले जातात, तो आधीच्याच जोमाने छेडत राहतो. फक्त सूर लवकर विझतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना शोषून घेतं किंवा विखरून टाकतं. दुसऱ्या ताऱ्यांवरही हे दिसतं. एचडी ४९९३३ नावाच्या एका ताऱ्याचे सूर कोरो या यानाने टिपले, आणि २०१० मध्ये जाहीर झालं की तिथेही वारंवारता चढते तेव्हा आवाज उतरतो. त्या ताऱ्यावरचे डाग आपल्याला कधी दिसायचे नाहीत, पण त्याच्या सुरांवरून त्याची चुंबकीय चलबिचल कळते.

सगळी चक्रं सारखी असती तर इथेच थांबता आलं असतं. २००८-०९ मध्ये सूर्याने सगळ्यांना कोड्यात टाकलं. ओहोटी लांबतच गेली. २००८ मध्ये वर्षातले निम्म्याहून बरेच अधिक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. पुढचं चक्र, चोविसावं, आलं तेही अशक्त. मग लोकांनी जुन्या नोंदी उकरल्या. सर्बानी बसू, अ‍ॅन-मरी ब्रूमहॉल, चॅपलिन आणि इव्हॉन एल्सवर्थ यांनी २०१२ मध्ये दाखवलं की खूण आधीच पडलेली होती: बाविसाव्या चक्रात खालचे सूर, २,४५० मायक्रोहर्ट्झच्या आतले, थोडे तरी हलत होते, तेविसाव्यात ते जवळपास हलायचेच थांबले. वरचे सूर मात्र नेहमीसारखे चढत-उतरत होते. उंबऱ्याचं गणित आठवलं तर याचा अर्थ सरळ निघतो. सूर बदलणारा तो चुंबकीय थर आणखी पातळ होऊन पृष्ठभागाला चिकटला होता. वरून बघणाऱ्याला डागांच्या संख्येत ते दिसलं नाही. ऐकणाऱ्याला दिसलं असतं, पण तेव्हा त्या कानाने कुणी ऐकत नव्हतं.

तेव्हापासून ‘सूर डागांच्या मागोमाग जातात’ हे वाक्य मी जपून वापरते. मागोमाग जातात हे खरंच. पट्ट्यापट्ट्याने बघितलं तर ज्या अक्षांशावर डाग, त्याच अक्षांशावर सूर चढलेले सापडतात, आणि चक्र पुढे सरकेल तसे दोघंही विषुववृत्ताकडे सरकतात. पण डागांच्या संख्येत न मावणारंही काही त्यांच्यात असतं. अकरा वर्षांच्या मोठ्या लाटेवर साधारण दोन वर्षांची एक छोटी लाट स्वार झालेली दिसते. तिचा उगम कुठे, यावर एकमत नाही.

या कातडीतल्या बदलाचा व्यवहारातही उपयोग होतो, आणि तो मला फार आवडतो. सूर्याच्या पाठीमागच्या बाजूला मोठा डागसमूह असेल तर तिथे जाऊन आदळून आलेला तरंग ठरल्या वेळेपेक्षा काही सेकंद आधी परततो. चार्ल्स लिंडसी आणि डग्लस ब्राउन यांनी २००० मध्ये यावरून सूर्याच्या न दिसणाऱ्या अर्ध्याचा नकाशा काढून दाखवला. आज असे नकाशे नियमित निघतात. पृथ्वीवरून बघितलं तर सूर्य स्वतःभोवती सुमारे २७ दिवसांत एक फेरी मारतो, त्यामुळे पलीकडचा डाग आठवडाभराने समोर येऊन ज्वाळा ओकणार असेल तर उपग्रह सांभाळणाऱ्यांना त्याची चाहूल आधी लागते.

राहिला मूळ प्रश्न. सूर जर कातडीतच चढतो, तर चक्राचा उगम ऐकू येतच नाही का?

येतो, पण दुसऱ्या वाटेने. सूर्याच्या फिरण्याबरोबर जाणारे तरंग आणि त्याच्या उलटे जाणारे तरंग यांच्या सुरांत फरक पडतो. त्या फरकावरून सूर्य आत कुठे किती वेगाने फिरतो हे काढता येतं. विषुववृत्ताजवळ एक फेरी सुमारे २५ दिवसांत, ध्रुवांजवळ महिन्याहून जास्त. आणि हा तफावतीचा खेळ खाली, केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे सत्तर टक्के अंतरापर्यंत चालतो. तिथे अभिसरणाचा, म्हणजे उकळत्या वायूचा थर संपतो आणि एका अरुंद पट्ट्यात सगळं एकदम एकाच वेगाने फिरू लागतं. चुंबकीय क्षेत्र तिथे ताणलं जाऊन बळावत असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं, सगळ्यांना नाही.

पण चक्राबरोबर बदलतं ते काय? रॉबर्ट हॉवर्ड आणि बॅरी लाबाँट यांना १९८० मध्ये माउंट विल्सनच्या नोंदींत पृष्ठभागावर नेहमीपेक्षा किंचित जलद आणि किंचित मंद फिरणारे पट्टे सापडले. फरक सेकंदाला पाच मीटरच्या आसपास. धावणाऱ्या माणसाला गाठता येईल इतका. पुढे सुरांवरून कळलं की हे पट्टे वरवरचे नाहीत, त्यांची मुळं अभिसरणाच्या थरात खोलवर गेली आहेत. जलद पट्टा मधल्या अक्षांशांवर उगवतो आणि वर्षानुवर्षं विषुववृत्ताकडे घरंगळत जातो. डाग त्याच्या काठाकाठाने येतात. महत्त्वाचं म्हणजे पट्टा डागांच्या कितीतरी आधी उगवतो. चोविसाव्या चक्राचा पट्टा रेंगाळत सरकला होता, आणि ते चक्र खरोखरच उशिरा आलं.

मला विचाराल तर चक्राची पाळंमुळं ऐकायची जागा ही आहे. ०.४ मायक्रोहर्ट्झचं चढणं डोळ्यांत भरतं, मोजायला सोपं पडतं, त्यावर हजारो पानं लिहिली गेली. पण ते सांगतं कातडीविषयी. सेकंदाला पाच मीटरचा पट्टा काढायला त्याच सुरांचे इवलेसे तुकडे पाडावे लागतात, चुका पोटात घ्याव्या लागतात, आणि तेव्हा कुठे सूर्याच्या आतली हालचाल पुसटशी दिसते.

२०२४ मध्ये पंचविसावं चक्र ऐन भरात होतं. रोज नवे डाग, मे महिन्यात एरवी कधी न दिसणाऱ्या अक्षांशांवर ध्रुवीय प्रकाश. त्याच वर्षी जुलैमध्ये रॅचेल हाऊ यांनी इंग्लंडमधल्या खगोलशास्त्रज्ञांच्या एका सभेत गाँग आणि उपग्रहांच्या जवळपास तीस वर्षांच्या नोंदी मांडल्या. मधल्या अक्षांशांवर एक जलद पट्टा नुकता फुटू लागला होता, अजून अंधुक, निश्चित म्हणावा असा नाही. तो सव्विसाव्या चक्राचा असण्याची शक्यता आहे. त्या चक्राचे डाग यायला अजून बरीच वर्षं आहेत.